घरासाठी पेट्रोलवरचा प्रेशर वॉशर घेताना

उत्तर कॅरोलिनातील कॅरी या गावी आम्ही घर घेतले, तेव्हा उत्तरेकडच्या भिंतीवर एक हिरवट छटा होती आणि ती मूळ रंगाचीच असावी असा माझा प्रामाणिक समज होता. पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीस ती छटा खिडकीच्या चौकटीपर्यंत चढली, बोट फिरवल्यावर बोटाला लागली, आणि तेव्हा कळले की दमट हवेत सावलीच्या बाजूला व्हिनाइलच्या साइडिंगवर, म्हणजे भिंतीवर बाहेरून ठोकलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, शेवाळ धरले आहे. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये पाइनचा पिवळा पराग हळद सांडल्यासारखा अंगणभर पसरला आणि पावसाने उडालेल्या लाल मातीने ड्राइव्हवेच्या, म्हणजे रस्त्यापासून गराजपर्यंतच्या वाटेच्या, कडा विटकरी झाल्या. आमचा ड्राइव्हवे साठ फूट लांब आणि अठरा फूट रुंद आहे, म्हणजे हजारावर चौरस फुटांचे काँक्रीट. बागेच्या साध्या पाइपने आणि खराट्याने मी त्यातला एक कोपरा घासून पाहिला आणि उरलेल्या कोपऱ्यांचा विचार सोडून दिला.

सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर सांगितले की गॅसवर चालणारा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने भिंती-फरशा धुणारे यंत्र, घ्यायचा विचार आहे, तर तिचा पहिला प्रश्न होता, “अरे, मग त्याचा सिलिंडर कुठे ठेवणार?” अमेरिकेत पेट्रोललाच गॅस म्हणतात, हे तिला समजावण्यात पाच मिनिटे गेली. या लेखात मी पेट्रोल हाच शब्द वापरतो, म्हणजे तो घोटाळा नको.

पेट्रोलचे यंत्र मुळात लागतेच का, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर दुकानापेक्षा भिंतीवरच्या प्लगमध्ये सापडते. अमेरिकेत घरातील साधा प्लग १२० व्होल्टचा आणि सर्किट बहुधा १५ अँपिअरचे असते. गुणाकार केला तर जास्तीत जास्त १८०० वॅट मिळतात. मोटर आणि पंप यांत वाया जाणारी शक्ती वजा केली तर पाण्याच्या वाट्याला बाराशे वॅटच्या आसपास, म्हणजे साधारण १.६ अश्वशक्ती उरते. पाण्याचा दाब पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर किती पौंड जोर, ते माप) आणि प्रवाह मिनिटाला गॅलनमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्याला १७१४ ने भागले, की पाण्याला लागणारी अश्वशक्ती मिळते. हे सूत्र उलटे फिरवले तर १.६ अश्वशक्तीत २००० पीएसआय दाबाने मिनिटाला १.४ गॅलनच्या आतबाहेर पाणी मिळते आणि विजेच्या यंत्राची गाडी तिथे थांबते. त्यामुळे साध्या प्लगवर चालणाऱ्या एखाद्या यंत्राच्या खोक्यावर ३००० पीएसआय आणि २ गॅलन असे दोन्ही आकडे छापलेले दिसले, तर ते दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत, कारण त्यांना साडेतीन अश्वशक्ती, म्हणजे २६०० वॅट नुसते पाण्यालाच लागतील.

हाच हिशेब पुण्यात किंवा नाशिकमध्ये वेगळा पडतो, हे मुद्दाम सांगतो, कारण तिकडचे मित्र इकडचे व्हिडिओ पाहून मला प्रश्न विचारतात. आपल्याकडे २३० व्होल्ट असतात आणि गिझरच्या १६ अँपिअरच्या प्लगमधून ३६०० वॅटहून जास्त शक्ती मिळू शकते, त्यामुळे अमेरिकेत जे काम पेट्रोलशिवाय होत नाही त्यातले बरेचसे तिकडे विजेवर होते. महाराष्ट्रात पेट्रोलचे यंत्र घ्यावे लागते ते वीज अपुरी पडते म्हणून क्वचितच. कामाच्या जागी वीज पोचतच नाही किंवा ऐन वेळी जाते म्हणून ते घ्यावे लागते. तिकडच्या खोक्यांवर दाब बारमध्ये आणि प्रवाह लिटरमध्ये असतो. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय आणि एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, एवढे लक्षात ठेवले की भाषांतर सोपे आहे: माझे ३२०० पीएसआय आणि अडीच गॅलनचे यंत्र तिकडे २२० बार आणि साडेनऊ लिटरचे ठरेल.

ज्यांच्याकडे गच्ची, एक गाडी आणि चार खुर्च्या धुण्याचे काम आहे, त्यांनी विजेचे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते हलके असते, आवाज कमी करते आणि वर्षभर कोपऱ्यात पडून राहिले तरी रुसत नाही. हजार चौरस फूट काँक्रीट, लांबवरचे कुंपण आणि दुमजली साइडिंग असेल तरच पेट्रोलच्या वाटेला जावे. आणि आमच्याकडे ते सगळेच होते.

दुकानात उभे राहिल्यावर डोळ्यांत भरतो तो खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा, आणि तो नेहमी पीएसआयचा असतो. २८००, ३२००, ३६००, ४००० अशी चढती रांग आणि तिच्याबरोबर चढत जाणारी किंमत. मीही त्याच आकड्याकडे बघत महिनाभर घालवला. माझा गैरसमज दूर केला शेजारच्या गृहस्थांनी, जे आयुष्यभर घरे रंगवण्याचे काम करून निवृत्त झाले आहेत आणि ज्यांच्या गराजमध्ये मिनिटाला चार गॅलन पाणी फेकणारे एक जुने धूड आहे. मी त्यांना विचारले की ३२०० घ्यावा की ३६००, तर त्यांनी उलट विचारले की तुझ्या नळाला पाणी किती येते ते तू मोजले आहेस का. मी मोजलेले नव्हते.

दाब आणि प्रवाह यांची कामे वेगळी आहेत. दाब घाणीची पृष्ठभागावरची पकड सोडवतो आणि प्रवाह सुटलेली घाण वाहून नेतो. काँक्रीटवरची माती आणि शेवाळ यांची पकड सोडवायला अडीच-तीन हजार पीएसआय पुरेसा होतो, आणि त्यापुढे दाब वाढवून काम फारसे लवकर होत नाही, उलट काँक्रीटचा वरचा गुळगुळीत थर खरवडून आतली वाळू उघडी पडण्याचा धोका वाढतो. प्रवाह वाढवला की मात्र कामाचा वेग खरोखर वाढतो. मित्राच्या ३४०० पीएसआय आणि २.३ गॅलनच्या यंत्राने मी एकदा अर्धा ड्राइव्हवे धुतला होता. उरलेला अर्धा शेजाऱ्यांच्या धुडाने धुतला तेव्हा जवळजवळ निम्म्या वेळात काम आटोपले, आणि कडेला साचणारा चिखल पुन्हा पुन्हा मागे लोटत बसावे लागले नाही. म्हणून दोन यंत्रांची तुलना करताना दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार करून पाहावा, आणि गुणाकार सारखा आला तर जास्त प्रवाहाचे यंत्र घ्यावे.

मग वाटते की चार गॅलनचेच घेऊ. इथे नळ आडवा येतो. पाच गॅलनची बादली घेऊन मी घराबाहेरच्या नळाखाली ठेवली आणि घड्याळ लावले. बादली ५८ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला पाच गॅलनहून थोडे जास्त. मी खूश होऊन शेजाऱ्यांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले की नळावर मोजून उपयोग नाही, यंत्र जिथे उभे करणार तिथवर पाइप नेऊन त्याच्या टोकाला मोज. शंभर फुटांचा अर्ध्या इंची पाइप जोडून तीच बादली भरायला ८२ सेकंद लागले आणि प्रवाह ३.७ गॅलनच्या आत आला. मिनिटाला चार गॅलन मागणाऱ्या पंपाला इथे उपास घडला असता. पुरेसे पाणी न मिळालेल्या पंपात पोकळीचे बुडबुडे तयार होऊन फुटू लागतात, आतून खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो आणि पंपाचे अंग आतून कुरतडले जाते. मी चार गॅलनवर काट मारली आणि अडीच गॅलनच्या गटात आलो. महाराष्ट्रात गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेणाऱ्यांनी तर ही बादलीची परीक्षा केल्याशिवाय पैसे काढूच नयेत, कारण टाकी वर दहा-बारा फुटांवर असते आणि तळमजल्याच्या अंगणातल्या नळाला जोर बेताचाच असतो.

खोक्यावरचे आकडे कितपत खरे, हे तपासायलाही तेच १७१४ चे सूत्र कामी येते. ३२०० पीएसआय आणि अडीच गॅलन म्हणजे पाण्याला ४.७ अश्वशक्ती. होंडाचे १९६ सीसीचे जीएक्स २०० हे इंजिन साडेपाच अश्वशक्ती देते. पंपात दहा-पंधरा टक्के गेले तरी हिशेब कसाबसा जुळतो. चार हजार पीएसआय आणि चार गॅलनला ९.३ अश्वशक्ती लागते, म्हणून त्या गटातील यंत्रांवर जीएक्स ३९० सारखे पावणेबारा अश्वशक्तीचे इंजिन दिसते. याउलट दोनशे सीसीच्या इंजिनावर ३६०० पीएसआय आणि २.८ गॅलन लिहिलेले असेल, तर समजावे की दाब मोजताना प्रवाह कमी केला आहे आणि प्रवाह मोजताना दाब सोडला आहे. ‘कमाल’ या एका शब्दाच्या आडोशाला हे सगळे बसते. अमेरिकेत प्रेशर वॉशर उत्पादकांची पीडब्ल्यूएमए ही संघटना आहे आणि तिच्या पद्धतीने तपासलेल्या आकड्यांची खूण काही यंत्रांवर असते. ती असेल तर आकड्यावर जरा जास्त विसंबता येते. एक जाता जाता: इंजिनांवर आता अश्वशक्तीऐवजी सीसी किंवा टॉर्क लिहिलेला दिसतो, त्याला गवत कापण्याच्या यंत्रांची अश्वशक्ती फुगवून सांगितल्याबद्दलचा एक सामूहिक दावा बराचसा कारणीभूत आहे, जो २०१० मध्ये तडजोडीने मिटला.

इंजिनाबद्दल लोक फार बोलतात आणि पंपाबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत, हे मला अजून समजलेले नाही, कारण यंत्र मरते ते बहुधा पंपामुळे किंवा कार्ब्युरेटरमुळे. घरगुती पेट्रोल यंत्रांत तीन प्रकारचे पंप येतात. सर्वांत स्वस्त यंत्रांत वॉबल पंप असतो: एक तिरपी चकती डुगडुगत फिरते आणि पिस्टनना ढकलते. त्याचे आयुष्य काही शे तासांचे असते, तो दुरुस्त करायच्या भानगडीत कोणी पडत नाही आणि गेला की बहुतेकदा यंत्रच कचऱ्याच्या गाडीत जाते. मधल्या गटात ॲक्शियल कॅम पंप असतो. तो इंजिनाच्या दांड्यावर सरळ बसतो, इंजिनाच्याच वेगाने, म्हणजे मिनिटाला ३४०० च्या वर फेरे घेतो, आणि नीट वापरला तर वॉबलपेक्षा बराच जास्त टिकतो. सर्वांत वर ट्रिप्लेक्स पंप, ज्यात तीन पिस्टन स्वतंत्र क्रँकशाफ्टवर चालतात, तेल बदलता येते, सील आणि व्हॉल्व्ह सुटे मिळतात, आणि जो रोज काम करणाऱ्या माणसाकडे हजारो तास चालतो.

ट्रिप्लेक्स पाहून जीव हळहळतो, हे मान्य आहे. पण मी माझ्या वापराचा हिशेब मांडला: वसंतात पराग संपल्यावर एक शनिवार-रविवार, दिवाळीच्या आधी एक, मधे केव्हातरी कुंपण, असे सगळे धरून वर्षाला बारा ते पंधरा तास. एवढ्या वापरात चांगला ॲक्शियल पंप तासांच्या हिशेबाने माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल. ट्रिप्लेक्सचे यंत्र घ्यायला आणखी तीन-चारशे डॉलर घालणे म्हणजे वर्षातून दोनदा पुरणपोळी करण्यासाठी दगडी पाटा-वरवंटा मागवण्यासारखे झाले असते. मी ३२०० पीएसआय, अडीच गॅलन, ॲक्शियल कॅम पंप आणि आडव्या दांड्याचे इंजिन असलेले यंत्र घेतले. आडवा दांडा असला की पंप इंजिनाच्या बाजूला, हाताला येईल असा बसतो. उभ्या दांड्याच्या यंत्रांत तो इंजिनाच्या पोटाखाली असतो, ती यंत्रे स्वस्त पडतात, पण पंप काढायची वेळ आली की जमिनीवर आडवे होऊन काम करावे लागते.

पंप तासांनी झिजून जाण्याआधी दुसऱ्याच कारणाने मरतो, हे मी माझ्या खिशाला चाट लावून शिकलो. हे माझे दुसरे यंत्र आहे. पहिले एका गराज सेलमध्ये स्वस्तात मिळाले होते आणि दोन हंगाम चांगले चालले. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर थंडीची जी कडाक्याची लाट आली, तिच्यात ते गराजमध्ये भिंतीला टेकून उभे होते आणि शेवटच्या धुण्यानंतर पंपात राहिलेले पाणी मी काढलेले नव्हते. एप्रिलमध्ये यंत्र सुरू केले तर पंपाच्या बगलेतून केसाएवढ्या चिरेतून पाण्याची बारीक पिचकारी उडाली. थोडी मजा वाटली, मग बोटाने चीर चाचपून पाहिल्यावर ती वाटली नाही. आत पाणी गोठून फुगले होते आणि धातू तडकला होता. नवा पंप घेण्याची किंमत आणि जुन्या यंत्राची किंमत जवळजवळ सारखीच निघाली.

इंजिनाच्या बाबतीत माझा सल्ला थोडक्यात असा, की नाव मोठे आहे की लहान यापेक्षा आपल्या गावात त्याचे सुटे भाग आणि त्याला हात लावणारा मेकॅनिक आहे का हे पाहावे. होंडाची जीएक्स मालिका व्यावसायिक वापरासाठी आहे, तिच्या सिलिंडरला बिडाचे अस्तर असते. जीसी आणि जीसीव्ही या मालिका घरगुती वापरासाठी आहेत आणि वर्षाला पंधरा तासांसाठी त्या पुरून उरतात. तेल कमी झाले की आपोआप बंद पडणारे इंजिन मिळाले तर अवश्य घ्यावे, कारण नव्या यंत्राच्या खोक्यात तेलाची बाटली वेगळी येते आणि ती ओतायला विसरणारे लोक मी पाहिले आहेत.

किंमत लिहिल्याशिवाय मराठी माणसाला लेख वाचल्याचे समाधान मिळत नाही, म्हणून ढोबळ लिहितो. विजेची बरी यंत्रे दीडशे ते अडीचशे डॉलरना, ॲक्शियल पंपाची घरगुती पेट्रोल यंत्रे साडेतीनशे ते पाचशेंना, आणि जीएक्स इंजिनासह ट्रिप्लेक्सची यंत्रे सातशेच्या पुढे. घेण्याआधी एकदा भाड्याने आणून पाहावे. एका दिवसाच्या भाड्यात यंत्राचे वजन, आवाज आणि आपला उत्साह, तिन्हींचा अंदाज येतो.

पंप आणि इंजिन ठरले की माणसाला वाटते आता निवड झाली. पण यंत्राबरोबर येणारा पाइप बहुतेक वेळा पंचवीस फुटांचा आणि प्लॅस्टिकसारखा ताठ असतो, आणि त्यामुळे तीस किलोचे गरम यंत्र दर दहा मिनिटांनी मागे ओढत फिरावे लागते. पन्नास फुटांचा लवचीक पाइप ही मी केलेली सर्वांत शहाणी वरखरेदी. ती करताना एक सापळा आहे: एम-२२ नावाच्या पितळी जोडणीचे बाहेरचे आटे सारखेच असतात, पण आतल्या नळीचा व्यास काहींत १४ मिलिमीटर आणि काहींत १५ मिलिमीटर असतो. आटे बसतात, जोडणी घट्ट वाटते, आणि दाब चढला की पाणी चारी बाजूंनी उडते. मी चुकीचा पाइप घेऊन एक सकाळ टेफ्लॉन टेप गुंडाळण्यात घालवली. घरी व्हर्नियर कॅलिपर असेल तर आधी मापावे.

नोझलचे, म्हणजे धार सोडणाऱ्या सुट्या टोकांचे, रंग जवळजवळ सगळीकडे एकच असतात: लाल म्हणजे शून्य अंशांची सुईसारखी धार, पिवळा १५, हिरवा २५, पांढरा ४० अंश, आणि काळा साबणासाठी. कोन जितका मोठा तितका मारा सौम्य. लाल नोझल मी आता खिळ्याला टांगून ठेवला आहे. पहिल्याच दिवशी डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, पायरीवरचा एक काळा डाग जात नव्हता म्हणून तो लावून मी एक हात फिरवला, आणि पाइनच्या फळीत बोटाच्या पेराच्या अर्ध्या खोलीची, वीतभर लांब रेघ कोरली गेली. डागही तिथेच राहिला. मऊ लाकडाला ५०० ते ६०० पीएसआय पुरतो आणि तो मिळवण्यासाठी रुंद कोनाचा नोझल लावून फूटभर अंतर ठेवावे लागते. साइडिंगवर तर दाबाचे कामच नाही: काळ्या नोझलने खालून वर साबण लावावा, पाच-दहा मिनिटे मुरू द्यावा आणि वरून खाली रुंद धारेने धुवावे, पट्ट्यांच्या खाली पाणी घुसेल अशी धार वर मारू नये. छपरावर कौलांच्या जागी असणाऱ्या डांबरी शिंगल्सना प्रेशर वॉशर लावूच नये, कारण त्यांवरची खडी निघून जाते. कोकणात चिऱ्याचे घर असणाऱ्यांनी जांभ्यावरही हीच काळजी घ्यावी. तो दगड छिद्रांचा आणि मऊ आहे, शेवाळाबरोबर त्याची धूळही वाहून जाईल.

काँक्रीटसाठी मात्र पंधरा इंची सरफेस क्लीनर घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. थाळीसारख्या झाकणाखाली दोन नोझलचा दांडा फिरतो, एकसारखा पट्टा स्वच्छ होतो, पायांवर चिखल उडत नाही. नुसत्या नोझलने ड्राइव्हवे धुतला तर वाळल्यावर त्यावर वाघासारखे पट्टे उमटतात आणि ते पुढच्या धुण्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहतात.

धोक्याविषयी लोक घाईने दोन ओळी लिहून मोकळे होतात. मला थोडे थांबायचे आहे. पेट्रोलचे इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडते, त्याला वास नाही आणि रंग नाही. अमेरिकेतील एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये छोट्या पेट्रोल इंजिनांबाबत जो इशारा प्रसिद्ध केला, त्यात एका शेतमालकाची नोंद आहे: तो अकरा अश्वशक्तीच्या प्रेशर वॉशरने स्वतःचा गोठा आतून धुत होता आणि अर्ध्या तासाच्या कामानंतर वायूने कोसळून मरण पावला. गराजचे दार उघडे आहे एवढ्याने भागत नाही. यंत्र बाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवावे आणि लांब पाइप आत न्यावा. दुसरा धोका धारेचा. ती कातडीतून आत शिरते, बाहेर टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत पाणी व घाण पसरलेली असते. अशा जखमेला हळद लावून घरी बसू नये, तडक इस्पितळात जाऊन जखम कशाने झाली ते सांगावे. चप्पल घालून धुण्याची आपली सवयही इथे सोडावी लागते. शिडीवर उभे राहून ट्रिगर दाबला तर धक्क्याने तोल जातो, म्हणून मी दुमजली भिंतीसाठी लांबणारा दांडा घेतला. कानाला मफ लावतो, आणि शेजारधर्म म्हणून शनिवारी नऊच्या आधी दोरी ओढत नाही.

दोरीवरून आठवले. सुरू करण्याची रीत यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत असते आणि ती कोणीच वाचत नाही. आधी पाणी पूर्ण सोडावे, बंदुकीचा ट्रिगर दाबून धरावा आणि फसफसणारी हवा जाऊन सलग धार येईपर्यंत थांबावे. मग चोक लावून दोरी ओढावी. पंपात दाब अडकलेला असला तर दोरी दगडात बांधल्यासारखी हलत नाही आणि लोकांना वाटते इंजिन जाम झाले. दुसरे, ट्रिगर सोडून इंजिन चालू ठेवत गप्पा मारायला जाऊ नये. तेव्हा तेच पाणी पंपात गोल फिरत तापत राहते. सुमारे ६० अंश सेल्सिअसला एक सुरक्षा झडप उघडून गरम पाणी जमिनीवर सोडते, पण रोज तिच्या भरवशावर राहिले तर सील जातात. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर मी इंजिन बंद करतो.

राहिला प्रश्न यंत्र ठेवण्याचा, आणि खरे तर निवड करतानाच तो विचारात घ्यायला हवा. ज्याला पुढची पाच मिनिटे जड वाटतात, त्याने पेट्रोलचे यंत्र घेऊ नये. इकडच्या पंपांवर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. भारतात आता ते वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढते, आणि पेट्रोल महिन्या-दोन महिन्यांत शिळे होऊन कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरते. म्हणून मी इथेनॉल नसलेले पेट्रोल वेगळ्या कॅनमध्ये आणतो, त्यात स्टॅबिलायझर घालतो, आणि हंगाम संपला की पेट्रोलची तोटी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. मग पाण्याचा पाइप काढून दोरी दोन-तीनदा ओढतो, पंपातले उरलेसुरले पाणी बाहेर पडते, आणि पाणी आत येण्याच्या तोंडाला पंप सेव्हरचा, म्हणजे पंप गोठू न देणाऱ्या द्रवाचा, डबा लावून दुसऱ्या बाजूने गुलाबी फेस येईपर्यंत दाबतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी हे काम असते. कॅलेंडरवर ते बायकोने लाल शाईने लिहून ठेवले आहे, आणि त्याच्यापुढे कंसात ‘चीर’ एवढाच शब्द आहे.